न मोजता केलेली सही

आबांच्या कॉम्प्युटरबद्दल मी तुम्हा दोघा नातवंडांना एक गोष्ट चुकीची सांगितली होती. ती दुरुस्त करायची म्हणून हे लिहिते आहे. आधी इंग्रजीत लिहायला घेतलं होतं, म्हणजे तुम्हाला तुमच्या बाबाची मदत न घेता वाचता आलं असतं. दोन परिच्छेद झालेही. पण त्यात आबा बोलायला लागले की ते आबा वाटेचनात. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, कॉलेजच्या लायब्ररीत तीस वर्षं इंग्रजी पुस्तकांची कार्डं लिहिली, तरी घरात भांडायची भाषा मराठीच राहिली. आणि या हकिगतीत भांडण बरंच आहे. तेव्हा अडेल तिथे बाबाला विचारा.

तो कॉम्प्युटर आबांनी स्वतः जोडला, हे तुम्हाला माहीत आहे. का जोडला, ते कदाचित आठवत नसेल. थोरलीने हट्ट धरला होता की आबांनी तिच्याशी दर रविवारी बुद्धिबळ खेळायचं, आणि मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर आबांना उंट आणि प्यादं सारखंच दिसायचं. कॅनडा कॉर्नरजवळचा दुकानदार तयार मशीन घरपोच द्यायला तयार होता. पण आबा म्हणाले, "आयुष्यभर दुसऱ्यांनी जोडलेलं तपासलं. एकदा स्वतः जोडून बघतो."

आबा ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी खात्यात होते. सकाळी द्वारकेच्या चौकात कंपनीची बस पकडायची आणि संध्याकाळी परत, अशी पस्तीस वर्षं. तिथला एक नियम ते घरीही पाळत. विमानाचा कुठलाही भाग उघडून काम केलं की झाकण लावण्याआधी सगळं मोजायचं. पाने, स्क्रू, पुसायची फडकीसुद्धा. एक जरी वस्तू कमी भरली तरी ती सापडेपर्यंत विमान जागचं हलत नाही. आणि ज्याने काम केलं त्याने स्वतः तपासायचं नाही. रजिस्टरमध्ये दोन रकाने असत, करणारा आणि तपासणारा, आणि दोन्ही सह्या वेगळ्या माणसांच्या. आपल्या घरातला मिक्सर उघडला तरी आबांची वही निघायची, 'करणारा'खाली त्यांची सही आणि 'तपासणारा'खाली माझी. तुमचा बाबा लहान असताना त्यालाही या नोकरीवर ठेवलं होतं. तो पगार मागायला लागल्यावर काढून टाकला.

कॉम्प्युटरचं काम तीन दिवस चाललं. जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर स्टीलच्या वाट्या, प्रत्येक वाटीत एका जातीचे स्क्रू आणि वर चिठ्ठी. आम्ही तीन दिवस जमिनीवर बसून जेवलो. तिसऱ्या दिवशी दुपारी आबा वही घेऊन स्वयंपाकघरात आले. मी थालीपिठाचं पीठ मळत होते.

"सही कर."

"ठेवा तिथे ओट्यावर."

"आधी ये. बाटलीत उरलेले स्क्रू आहेत ते मोजून घे."

"तुम्ही मोजलेत ना?"

"मी मोजून काय उपयोग? करणाऱ्याने तपासायचं नसतं."

"अहो, विमान आहे का ते? उडणार आहे का टेबलावरून?"

ते हसले. मी एक हात पुसला आणि उभ्या उभ्या सही केली. लायब्ररीत पुस्तकांचं पार्सल आलं की ते उघडून एकेक पुस्तक मोजल्याशिवाय मी पावतीवर कधी सही केली नाही. शिपाई कंटाळून दारात बसून राहायचे. त्या दिवशी मात्र केली.

मशीन पहिल्या फटक्यात सुरू झालं. त्या रविवारी आबा थोरलीकडून हरले, आणि हरल्याचा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी शेजाऱ्यांना चिवडा दिला.

पुढचं वर्षभर काही झालं नाही. मग दिवाळीनंतर कधीतरी सुरू झालं. आबा दुपारी जेवणाआधी कॉम्प्युटरवर बसत, बंद करत, जेवत आणि झोपत. चार वाजता मी चहा ठेवायला उठले की त्या खोलीतून पंख्याची घरघर ऐकू यायची. पडदा उजळलेला, मशीन चालू.

"अहो, कॉम्प्युटर बंद केला नाहीत."

"केला की."

"मग चालू कसा?"

"तूच केला असशील."

"मी झोपले होते."

"मग झोपेत केला असशील. तुला सवय आहे, झोपेतसुद्धा घर आवरायची."

सुरुवातीला हे असं हसण्यावारी होतं. पण आठवड्यातून दोनदा, मग तीनदा व्हायला लागलं. कधी उलटं व्हायचं, खेळता खेळता मशीन पटकन बंद पडायचं. थोरले, तू तेव्हा फोनवर ओरडायचीस, "आबा, हरायला लागलास की पळतोस!" आणि आबा सांगायचे, "अगं, मी नाही पळालो, हा डबाच पळाला."

आम्ही सगळे उपाय केले. तुमच्या बाबाने व्हिडिओवर बसून एकेक सांगितलं आणि मी ते क्रमाने लिहून घेतलं. लवकर सुरू होण्याची जी सोय असते ती बंद केली. माउस हलला की मशीन जागं होतं ते बंद केलं. इंटरनेटची वायर काढून पाहिली. नवीन अपडेट काढून पाहिला, परत घातला. दर वेळी चार-पाच दिवस बरे जायचे आणि आम्हाला वाटायचं सुटलो. दुकानदाराकडेही नेलं. तिथे ते दोन दिवस शहाण्यासारखं वागलं. "आजी, काही नाही यात," तो म्हणाला. आणि मग जरा थांबून, आबांकडे न बघता, "बंद करताना बघून घेत जा एवढंच."

आता तुम्ही विचाराल, भिंतीवरचं बटण बंद का नाही केलं? ते पुस्तकांच्या मोठ्या कपाटामागे गेलं होतं, हात पोचत नव्हता. कपाट हलवायला दोन माणसं लागली असती. ती मी बोलावली नाहीत, कारण तोवर माझं ठरलं होतं. दोष मशीनमध्ये नव्हता.

ठरायला कारणंही होती. आबा त्या दिवसांत तोच प्रश्न दोनदा विचारू लागले होते. दुधाच्या दुकानातून येताना एकदा पुढच्या गल्लीत शिरले. चष्मा फ्रिजमध्ये सापडला. ही उदाहरणं एकेक करून जमत होती, आणि त्यात कॉम्प्युटरचं उदाहरण सगळ्यांत सोयीचं होतं. पुन्हा पुन्हा घडणारं, मला डोळ्यांनी दिसणारं.

मी पडद्याच्या कडेला एक कागद चिकटवला. शट डाउन केलं का, पडदा काळा झाला का, पंखा थांबला का, असे तीन प्रश्न, आणि पुढे तारीखवार चौकोन. आबा रोज तीन खुणा करायचे, पेन्सिलीने, नीट चौकोनाच्या आत. आणि चार वाजता मशीन चालू. मी त्या खुणांवर बोट ठेवून विचारलं, "न बघताच केल्यात ना?"

त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. ते रागावले नाहीत. ते त्या खुणांकडे बघत राहिले. पस्तीस वर्षं ज्या माणसाच्या खुणेवर विमान उडायचं, तो माणूस स्वतःच्या तीन खुणा तपासत होता.

"मी बघितलं होतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "मला वाटतं, बघितलं होतं."

मार्चमध्ये आम्ही डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की रोजच्या जगण्यातली उदाहरणं लिहून आणा. मी लिहून नेली, सात मुद्दे, क्रमांक घालून. पहिला मुद्दा असा होता: कॉम्प्युटर बंद करायला विसरतात आणि बंद केल्याचं ठामपणे सांगतात. डॉक्टरांनी तो आबांसमोर मोठ्याने वाचला आणि खाली रेघ ओढली. "असं होतं का काका?" त्यांनी विचारलं. आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "ही म्हणते तर होत असेल. ही चुकीचं लिहीत नाही."

तपासण्या झाल्या. आजार निघाला, तो खराच होता, बाकीचे सहा मुद्देही खरे होते. माझ्या पहिल्या मुद्द्यामुळे आजार झाला नाही, एवढं मला कळतं. पण त्या दिवसानंतर आबांनी "मी केलं होतं" म्हणणं सोडलं. मशीन चालू दिसलं की तेच आधी म्हणायचे, "राहिलं असेल माझ्याकडून." मग मीठ जास्त झालं तरी, दार उघडं राहिलं तरी, जे त्यांनी केलेलंच नाही त्यालाही, "राहिलं असेल माझ्याकडून." एके दिवशी त्यांनी हत्यारांच्या खणाची किल्ली आणून माझ्या हातात दिली. "तूच ठेव. माझ्या हातून आता काही उघडायला नको."

त्यांनी बुद्धिबळ सोडलं. थोरलीने फोनवर कारण विचारलं तेव्हा मी दुसऱ्या खोलीत जाऊन सांगितलं, "आबांना आता कॉम्प्युटर बंद केल्याचंही लक्षात राहत नाही गं." हीच ती चुकीची गोष्ट. पुढच्या फोनला तुम्ही दोघं आबांशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागलात, लहान मुलाशी बोलतात तसं. धाकट्याने विचारलं, "आबा, मी कोण? ओळख बघू." तेव्हा आबा तुम्हाला पुरते ओळखत होते. ते उठून बाल्कनीत गेले. तुमचा यात काही दोष नाही. तुम्हाला मी जे सांगितलं त्यावरून तुम्ही वागलात.

आंब्यांच्या दिवसांतली दुपार. आबा आतल्या खोलीत झोपले होते. मी कॉम्प्युटरवर विजेचं बिल बघितलं आणि तो स्वतः बंद केला. पडदा काळा झाला, पंखा थांबला. खुर्चीवरच बसून मी चष्मा पुसत होते. फरशी पुसणाऱ्या मावशी टेबलाखाली शिरल्या, त्यांचा खांदा टेबलाच्या पायाला लागला, टेबल जरासं हललं. आणि माझ्या डोळ्यांसमोर मशीन चालू झालं.

"मावशी, बटणाला हात लागला का?"

"नाय हो आजी. मी कशाला हात लावू? माझं फडकं खाली हे." त्या टेबलाखालून बाहेर आल्या आणि पडद्याकडे बघून म्हणाल्या, "हे तर असंच करतं. मागं पण दोनदा झालं. मला वाटलं, आबांनी तसं लावलंय."

"मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही आबांना बोलत होत्या ना तवा. मधी कोण बोलणार?"

मी मशीन परत बंद केलं आणि टेबल हातानेच हलवलं. पहिल्यांदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा झालं.

मी खणाची किल्ली काढली. खरं तर आबांना उठवायला हवं होतं. मशीन त्यांचं, हत्यारं त्यांची. मला वाटलं, गोंधळतील. म्हणून मी त्यांची वही पुढे ठेवली, त्यांनी ज्या क्रमाने जोडलं होतं त्याच्या उलट क्रमाने सोडवत गेले, आणि निघालेल्या प्रत्येक वायरला लायब्ररीतल्यासारखी चिठ्ठी बांधली. नऊ स्क्रू काढल्यावर मुख्य बोर्ड बोटभर वर आला. डबा तिरका केला तेव्हा बोर्डाच्या मागून काहीतरी घरंगळत आलं आणि पत्र्यावर टिण्ण वाजलं. एक लहानसा स्क्रू. जिथे सुरू करायच्या बटणाच्या वायरी बोर्डाला जोडलेल्या असतात, त्याच कोपऱ्यामागे तो अडकलेला होता. टेबल हललं की त्याचं टोक त्या वायरींच्या मागच्या सोल्डरच्या टाक्याला टेकायचं आणि मशीनला वाटायचं, कोणीतरी बटण दाबलं. बंद असेल तर चालू व्हायचं. चालू असताना टेकून राहिलं तर बंद पडायचं.

मी वहीचं ते पान काढलं. आलेले स्क्रू, लावलेले स्क्रू, उरलेले स्क्रू, सगळं आबांच्या सरळ अक्षरात, हिशेब चोख. उरलेले चौदा. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या बाटलीत ते ठेवले होते. मी ते बशीत ओतून मोजले. तेरा होते. आबांनी उरलेले मोजले नव्हते, आलेल्यातून लावलेले वजा करून आकडा लिहिला होता. तेव्हाच आजाराची सुरुवात झाली होती की तीन दिवसांचा थकवा होता, ते मला कधी कळणार नाही. पण माणूस असं करणारच हे धरूनच तर दुसरा रकाना आखलेला असतो. त्या रकान्यात माझी सही होती, आणि सहीवर वाळलेल्या पिठाचा डाग.

मी सगळं परत लावलं, मोजलं, चालू केलं, बंद केलं. टेबल हलवलं. काही झालं नाही. तेव्हापासून आजपर्यंत एकदाही झालेलं नाही.

आबांना सांगायला मी चांगला दिवस शोधत होते. त्यांचे काही दिवस स्वच्छ असायचे. पाच-सहा दिवस गेले. असा उशीर करू नये हे मला तेव्हा माहीत नव्हतं. शेवटी एका सकाळी ते बाल्कनीत भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते, दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडून. मी शेजारी बसले आणि स्क्रू त्यांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी तो अंगठा आणि बोटात धरून फिरवला. "तीन मिलीमीटरचा," क्षणाचाही वेळ न लावता म्हणाले. "कुठे मिळाला?"

"कॉम्प्युटरमध्ये. बोर्डाच्या मागे पडला होता."

"आत?" ते ताठ बसले. "किती दिवस?"

"दीड वर्ष."

"तसंच चालवलं?"

"हो."

"तपासणीची सही कोणाची आहे?"

"माझी."

"मोजलं होतं?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता, तो बहुधा ओझरला वापरायचा आवाज असावा. रागाचा नव्हता, फार सभ्य होता. "बाई, असं करत जाऊ नका," ते म्हणाले. "त्यात माणसं बसतात."

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी मला कधी बाई म्हटलं नव्हतं.

मी म्हटलं, "चुकलं माझं." मग जे सांगायला आले होते ते सांगितलं. "आणि तुम्ही कॉम्प्युटर रोज बंद करत होतात. रोज. मीच उगाच तुम्हाला बोलले."

"मी?"

"हो. तुम्ही."

त्यांनी जरा विचार केला. "बरं," म्हणाले, आणि स्क्रू माझ्या हातात परत दिला. "जागेवर ठेवा." मग पुढची शेंग उचलली.

नंतर मी आणखी दोनदा सांगून पाहिलं. एकदा ते "हो का" म्हणाले. एकदा त्यांनी मलाच समजावलं, "राहिलं असेल माझ्याकडून, तू नको मनाला लावून घेऊस." तो सगळा काळ त्यांच्याजवळून गेला आहे. दुपारच्या त्या खुणा, डॉक्टरांनी ओढलेली रेघ, काहीच राहिलेलं नाही. फक्त ते एक वाक्य राहिलं आहे, जे मी त्यांना शिकवलं. आता ते कोणालाही म्हणतात. परवा वरच्या मजल्यावर कोणाची तरी काच फुटली तेव्हाही म्हणाले.

त्यांच्यापर्यंत आता दुरुस्ती पोचत नाही, म्हणून ती तुमच्याकडे पाठवते आहे. डॉक्टरांना मी पत्र लिहून पहिला मुद्दा खोडायला सांगितलं. ते म्हणाले, निदानात त्याने फरक पडत नाही, पण खोडतो. तुमच्याही डोक्यातून तो खोडा. तुमचे आबा त्यांचं काम करून उठत होते. तीन खुणा तीनही खऱ्या होत्या. मी त्यांना खोटं ठरवलं तेव्हा ते खरं बोलत होते, आणि ते स्वतःवर विश्वास ठेवू शकले असते असे ते शेवटचे महिने होते.

हे मी त्याच कॉम्प्युटरवर लिहिते आहे. आबा शेजारच्या खोलीत आहेत. टेबलाला मुद्दाम धक्का देऊन बघायची सवय मला लागली आहे.

नाताळच्या सुट्टीत तुम्ही याल तेव्हा एक काम ठेवलं आहे. वहीत मी नवीन ओळ घातली आहे: मुख्य बोर्ड सोडवला, मागे पडलेला स्क्रू काढला, परत बसवला, उरलेले चौदा. 'करणारा'खाली माझी सही आहे. 'तपासणारा' हा रकाना रिकामा आहे. बाटली हत्यारांच्या खणात डाव्या बाजूला आहे आणि किल्ली आता खणालाच लावलेली असते. आबांच्या शेजारी बसून, त्यांना दिसतील असे, बशीत ओतून मोजा. धाकट्याने मोजावं, मग थोरलीने. आकडा जुळला तरच सही करा. मी सांगते म्हणून करू नका.